जमादारांचं बोट

जमादार आधी बोट घालायचे आणि मग बोलायचे.

उजव्या हाताची तर्जनी झाडाच्या बुडाशी मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची. थोडा वेळ तशीच ठेवायची. मग बाहेर काढून नख पाहायचं. नखाला माती चिकटून आली तर बोट धोतराला पुसून पुढच्या झाडाकडे. कोरडं आलं तर मात्र ते बोट तुमच्या नाकासमोर यायचं आणि त्याच्यामागून शांत आवाज यायचा, "पाहून राहिला ना बाबू?"

एवढंच. ना शिवी, ना भाषण. त्या बोटासमोर मी जेवढा घामाघूम झालो तेवढा पुढे नोकरीच्या मुलाखतीतही झालो नाही. हे सांगितलं की आमची ही म्हणते, मुलाखतीत तुम्हाला कुठे कळत होतं ते काय विचारून राहिले ते! तेही खरंच आहे.

पांढुर्ण्यात त्यांना सगळे जमादारच म्हणत. खरं नाव काय होतं ते मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही, आणि आता विचारायला कोणी उरलं नाही. स्टेशनकडून बाजारात येणाऱ्या रस्त्याच्या कडेला नगरपालिकेचा कोंडवाडा होता. चार दगडी भिंती, वर आभाळ, एक फाटक, पाण्याचा हौद. मोकाट सुटलेली गुरं-बकऱ्या तिथे आणून कोंडायच्या, वहीत लिहायच्या आणि मालक आला की सोडायच्या, हे जमादारांचं काम. त्यामुळे गावातली माणसं त्यांना जनावरांवरून ठाऊक होती. वकीलसाहेब म्हणजे मोडक्या शिंगाची गाय. किराणेवाले शेठ म्हणजे लंगडा गोऱ्हा. मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत काबऱ्या बकरीवाला होतो. माझे वडील शाळेत हेडमास्तर होते, गावात त्यांना मान होता, पण जमादारांच्या लेखी तेही काबऱ्या बकरीवाल्याचे वडीलच.

ओळखही बकरीमुळेच झाली. स्वातंत्र्याला आठेक वर्षं झाली होती, मी दहावीत होतो. आमची बकरी कोंडवाड्यात पडली म्हणून आईने मला सोडवायला पाठवलं. जमादारांनी वहीत सही घेतली, बकरी काढली, पण दोरी माझ्या हातात दिली नाही. मला म्हणाले, चाल. रस्त्याच्या कडेने चाळीसेक पावलं नेलं आणि एका खड्ड्यापाशी उभं केलं. खड्ड्यात बोटभर काडी उभी होती.

"वळखलं काय? हे नगराध्यक्ष साहेबानं परवा लावलेलं झाड. हे आता तुह्या बकरीच्या पोटात हाये."

मी खाली मान घालून म्हटलं, चूक झाली.

"चूक तिची नाई अन् तुही बी नाई," जमादार म्हणाले. "बकरी हाये, ते खाईनच. झाड लावनारा हार घालून घरी गेला, त्याले कोन कोंडन?"

आता तुम्हीही पाहिलंच असेल, दरवर्षी पावसाळ्यात वृक्षारोपण व्हायचं. साहेब लोक यायचे, फोटो निघायचा, पेढे वाटले जायचे. आणि पुढच्या वर्षी झाडं पुन्हा त्याच खड्ड्यांत लागायची, कारण खड्डे तयारच असत. त्या वर्षी कोंडवाड्याच्या भिंतीपासून रस्त्याच्या वळणापर्यंत चाळीस कडुनिंब लागले होते. कडुनिंबच का, तर साहेबांनी भाषणात सांगितलं होतं की त्याचा पाला कडू असतो, त्याला बकरी तोंड लावत नाही. जमादार गर्दीत मागे उभे होते. ते म्हणे त्या वाक्याला इतक्या मोठ्याने हसले की साहेबांना वाटलं माणूस खूश झाला. कडुनिंबाचा पाला बकऱ्या किती आवडीने खातात हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्या जागेचा एक तिढा होता, तो आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. कापसाच्या हंगामात तिगावकडून, लोधीखेड्याकडून बैलगाड्या यायच्या आणि जिनिंगच्या फाटकापासून रस्ताभर तुंबायच्या. जिनिंगवाल्यांना गाडीतळासाठी नेमकी हीच पट्टी पाहिजे होती. जमादार एकटे नगराध्यक्षांकडे गेले आणि जागा झाडांना ठेवा म्हणाले. नगराध्यक्ष वाईट माणूस नव्हता. दरवर्षी झाडं मरतात हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून त्याने सोपा तोडगा काढला. पुढचा मृग लागला की मोजणी करू. चाळिसातली अर्धी, म्हणजे वीस झाडं उभी असली तर जागा झाडांची. एक जरी कमी भरलं तर गाडीतळ.

जमादारांना ही झाडं एवढी का पाहिजे होती ते त्यांनी स्वतःहून कधी सांगितलं नाही. मला ते वहीत सापडलं. बकरीसाठी सही करताना मागचं पान उलटलं गेलं, तिथे वैशाखातल्या एका तारखेला एका वासरापुढे लिहिलं होतं, "उन्हाने मेले." कोंडवाड्यात सावली नव्हती. मालक दोन दिवस गावाला गेलेला, वासरू आत उभं. हौद भरलेला होता, पण दुपारी ते पाणी हात घालवणार नाही इतकं तापायचं. मी पान पाहतोय हे जमादारांनी पाहिलं आणि वही मिटली.

तर त्यांनी मला दोरी दिली आणि वर काम दिलं. आमच्या गल्लीतली दहा पोरं आण म्हणाले. दहा पोरं पलीकडच्या गल्लीतून वासुदेव नावाच्या माझ्या वर्गमित्राने आणायची. विसांना चाळीस झाडं, माणशी दोन. श्रमदान हा शब्द तेव्हा नवा होता आणि आम्हाला फार आवडायचा. घरी विहिरीचं पाणी काढायला सांगितलं की आमचे हात दुखायचे, तेच हात श्रमदानात दुखत नसत. आमच्या आईने यावर पुष्कळ काही म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

पहिल्यांदा आम्ही प्रत्येक झाडाभोवती दगडांचं गोल कडं रचलं. हात-हात उंच. नदीवरून दगड वाहून खांद्याला घट्टे पडले. कडी पाहून जमादारांनी मान हलवली, चांगली की वाईट ते कळलं नाही. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, दोन काठांवरच्या लोकांनी एकमेकांवर दगड मारायची. तुम्हाला ठाऊकच आहे, त्या दिवशी आमच्या गावात दगड म्हणून जो काही असतो तो नदीकडे जातो. संध्याकाळी परत आलो तर चाळीस झाडं उघडी. माझ्या दोन झाडांचे दगड कुठे गेले हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्यातले काही मीच नेले होते. गोटमारीत हाताला येईल तो दगड उचलायचा असतो, तो कुठला ते कोण पाहतं?

जमादार म्हणाले, "दगुड नाई पुरत आपल्या गावाले. काट्या आना."

मग बोरीच्या काट्या आल्या, बाभळीच्या आल्या. शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, आम्ही त्या ओढून आणल्या आणि झाडाभोवती गच्च कुंपण केलं. काटा असा की बकरी सोडा, आम्हालाही पाणी घालताना हात ओरबाडून निघायचा. रोज संध्याकाळी जमादार पहिल्या झाडापासून चाळिसाव्यापर्यंत वाकत, बोट घालत जायचे आणि आम्ही वीस जण आपापल्या झाडापाशी परीक्षेला बसल्यासारखे उभे राहायचो. वासुदेवने एकदा युक्ती केली. जमादार येताना दिसले की झाडाच्या बुडाशी वरवर तांब्याभर पाणी टाकायचं. जमादारांनी बोट घातलं, पहिलं पेर ओलं, दुसरं कोरडं. त्यांनी बोटावर दुसऱ्या हाताने ती रेघ दाखवली आणि म्हणाले, "इथवर आज, अन् इथून खाली परवा." त्यानंतर वासुदेव बादली भरून आणायला लागला.

थंडीत दहा झाडं गेली. आमच्या बकरीने खाल्लेलं पुन्हा फुटलंच नाही, बाकीची काही वाळली, काही उधईने, म्हणजे वाळवीने, खाल्ली. तीस राहिली. आम्ही हबकलो होतो, जमादार नव्हते. ते म्हणाले, लेकरंबी सगळी नाई जगत. त्यांची स्वतःची किती गेली होती ते मी विचारलं नाही. एक मुलगी होती, वरुडकडे दिलेली, एवढं माहीत होतं.

आणि मग होळी आली.

इथून पुढचं मी आमच्या घरी बऱ्याचदा सांगितलं आहे आणि दर वेळी त्यातला माझा वाटा थोडा कमी करून सांगितला आहे. आज पूर्ण सांगतो. होळीसाठी लाकूड मागून आणत नाहीत, चोरून आणतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही शिकवावं लागत नाही. ती चोरी कोणी चोरी धरत नाही. ज्याचं खाटलं गेलं तोही दुसऱ्या दिवशी हसतो. आणि एकदा वस्तू होळीवर चढली की मालकाने ती परत उतरवायची नाही, हा नियम सगळ्यांना मान्य. त्या वर्षी आमच्या गल्लीची होळी पलीकडच्या गल्लीहून बुटकी दिसत होती. पोरं माझ्याकडे पाहायला लागली. मी म्हणालो, वासुदेवच्या पोरांच्या वाट्याची झाडं आहेत ना, त्यांच्या काट्या वाळून खडखडीत झाल्या आहेत. त्या आणू. आपल्या झाडांना हात लावायचा नाही.

एवढा विवेक माझ्यात होता. दिवेलागणीला आम्ही त्यांच्या झाडांच्या काट्या ओढून आणल्या. आमची होळी दीड पुरुष उंच झाली.

त्याच वेळी वासुदेव आणि त्याची पोरं आमच्या झाडांच्या काट्या नेत होती. त्यांनीही आपल्या झाडांना हात लावला नव्हता.

जमादार पूजेच्या वेळी दोन्ही होळ्यांवरून फिरले. सगळीकडे जायचे ते, पाच गोवऱ्या घेऊन. आमच्या होळीशी आले आणि थांबले. बोरीच्या त्या काट्या त्यांनी स्वतः आमच्याबरोबर बांधल्या होत्या, सुंभाची गाठही त्यांचीच होती. मला वाटलं आता हे त्या उतरवणार. होळी अजून पेटली नव्हती. त्यांनी एक हात पुढे केलाही, माझ्या डोळ्यांसमोर. मग तो मागे घेतला, पाचही गोवऱ्या त्या काट्यांवर ठेवल्या, हात जोडले आणि निघून गेले. मी बोंब मारण्यात सगळ्यांपेक्षा मोठा आवाज काढला, त्याचं कारण तुम्हाला कळेल.

दुसरा दिवस धुळवडीचा. धुळवडीला बकरी कोण बांधून ठेवतो? सगळं गाव रंगात, बकऱ्या मोकळ्या, आणि रस्त्याच्या कडेला तीस कोवळे कडुनिंब उघडे. आम्ही वीस स्वयंसेवक तेव्हा नदीत एकमेकांना बुचकळत होतो. जमादार एकटे काठी घेऊन सकाळपासून पळत होते. शेवटी त्यांनी एकच इलाज केला. गावात दिसेल ती बकरी हाकून कोंडवाड्यात घातली आणि फाटक लावलं.

दुपारी गावभर ओरडा. मालक फाटकाशी जमले, आणि तिथे एक निराळीच पंचाईत झाली. पोरांनी बकऱ्यांनाही सोडलं नव्हतं. काळी बकरी हिरवी झाली होती, पांढरी गुलाबी झाली होती. ज्या माणसाला गावातली प्रत्येक बकरी चालीवरून ओळखू यायची, तो वही उघडून बसला होता आणि त्याला एकही ओळखू येत नव्हती. एका गुलाबी बकरीवर तिघांनी हक्क सांगितला. नगराध्यक्षांच्या घरची दुभती बकरीही आतच होती, तिचं करडू घरी ओरडत होतं. नगराध्यक्षांचा भाऊ फाटकाशी येऊन म्हणाला, "जमादार, तुम्हाले नौकरी करायची हाये ना?" जमादारांनी वहीतून मान वर न करता विचारलं, "कोन्या रंगाची तुमची?"

आम्ही ओल्या कपड्यांनी तिथे पोहोचलो तेव्हा झाडं पाहिली. अकरा संपली होती. पाच आमच्या गल्लीची, सहा त्यांची. वासुदेव माझ्यावर धावून आला, मी त्याच्यावर. काट्या तुम्ही नेल्या, नाही तुम्ही नेल्या. जमादार मध्ये आले आणि दोघांनाही एकच विचारलं, तुमच्या होळीवर काय होतं. वासुदेवने माझा ओला सदरा सोडला, मी त्याचा.

ते माझ्या एका झाडाशी खाली बसले. पान नव्हतं, शेंडा नव्हता, वीतभर सोललेली काडी होती. त्यांनी सवयीने बोट घातलं, काढलं, नख पाहिलं. बोट ओलं होतं. आदल्या दिवशी सकाळी मी दोन बादल्या घातल्या होत्या.

"पानी बराबर देल्लं होतं तू," ते म्हणाले.

त्यांनी मला चार थोबाडीत मारल्या असत्या तर मी ही गोष्ट केव्हाच विसरलो असतो.

एकोणीस उरली. वीस पाहिजे होती. आम्हाला वाटलं आता काम संपलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर जमादार एकटेच धुऱ्यावरून काट्या ओढत होते. आम्ही गुपचूप मागून जाऊन दुसरं टोक धरलं. त्या उन्हाळ्यात आम्ही जे केलं ते मला आज करता येणार नाही. नदी आटली, तेव्हा वाळूत कमरेइतके झिरे खोदून वाटीने पाणी भरलं. कावडी करून वाहिलं. दुपारी झाडांवर सावलीला पालं बांधली. घरच्यांना आंघोळीचं पाणी फेकू देत नव्हतो, माझी बहीण म्हणायची, हा आता माझ्या अंगाखाली बादली लावणार. एकोणीसच्या एकोणीस जगली. पण एकोणिसाचे वीस काही होत नव्हते, आणि मृग तोंडावर आला.

तेव्हा माझ्या डोक्यात दुसरी कल्पना आली. पहिली काट्यांची होती, ती तुम्ही पाहिलीच.

सौंसरला माझ्या मावशीचा संत्र्याचा बगीचा. तिथे बांधावर कडुनिंबाची रोपं आपोआप उगवायची. मोजणीच्या आदल्या दिवशी मी सौंसरला गेलो आणि आपल्या झाडांच्याच उंचीचं रोप मुळांसकट खणून गोडेतेलाच्या डब्यात घेतलं. बसमध्ये ते मांडीवर धरून आलो. कंडक्टरने विचारलं, दवाखान्यात नेऊन राहिला काय याले? वासुदेवला तेवढं सांगितलं होतं. सूर्य मावळायच्या आत आम्ही ते एका रिकाम्या खड्ड्यात लावलं, वरून जुनी माती पसरली, भोवती जुन्या काट्या ठेवल्या, पाय आपटून माती दाबली. वासुदेव म्हणाला, लेका, देवालाही कळणार नाही. देवाला कळलं नसेलही.

सकाळी नगराध्यक्ष आले, नगरपालिकेचे बाबू वही घेऊन आले, जिनिंगचे मुनीम आले. बाबू पुढे चालत मोजत होते आणि जमादार मागून, कोणी सांगितलं नसताना, प्रत्येक झाडात बोट घालत येत होते. ती सवयच होती त्यांची. शेवटच्या झाडाशी बाबू म्हणाले, "वीस." नगराध्यक्षांनी भुवया वर केल्या. त्यांचा चेहरा खरंच खुलला होता, हे मी पाहिलं. मुनीम खाकरले.

मागून जमादार मी काल लावलेल्या झाडापर्यंत पोहोचले. बोट घातलं. वर्षभर बसलेल्या मातीत बोट दोन पेरं जातं, तेही जोर लावून. इथे ते अख्खं आत गेलं. त्यांनी नख पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना डोळ्यांनी विनवलं, म्हणजे काय केलं असेल देव जाणे, वासुदेव म्हणतो माझा चेहरा त्या वेळी बकरीसारखा दिसत होता.

"साहेब," जमादार म्हणाले, "हे आमचं नोहे. हे काल आलं. एकोनीस लिवा."

बाबूंनी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, झाले ना वीस, गप राहा ना जमादार. जमादार म्हणाले, तुमाले लिवाचं ते लिवा, मले कोनी इचारलं तर म्या एकोनीसच सांगन. नगराध्यक्षांचा शब्द विसाचा होता. जागा गाडीतळाला द्यावी असा कागद झाला आणि मंजुरीसाठी वर नागपूरला गेला.

मी आठ दिवस कोंडवाड्याकडे फिरकलो नाही. नवव्या दिवशी गेलो तो भांडायला. म्हटलं, तुमच्या एका वाक्यामुळे वर्षाची मेहनत गेली, काय मिळालं तुम्हाला?

त्यांनी आधी फाटकाची कडी लावली, मग बसले. "बाबू, म्या या वहीत एक बकरी जास्त लिवली, तर ते कोनाच्या तरी घरून आनून उभी करा लागते. म्हनून कधी लिवली नाई." मग दुसरीकडे पाहत, "त्या वासराले 'पळालं' लिवता आलं असतं मले. नगरपालिकेतले बाबू तसंच सांगून राहिले होते. कोनी पाह्यलं नव्हतं."

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या सौंसरवाल्याले पानी देल्लं काय?"

"त्याला तुम्ही मोजत नाही ना?"

"मोजत नाई," जमादार म्हणाले. "पन तहान तर लागते ना त्याले."

मी बादली आणायला गेलो. रागातच गेलो, पण गेलो.

आता नागपूरला गेलेल्या कागदाचं सांगतो. दिवाळीपर्यंत मंजुरी येणार होती. दिवाळीच्या सुमारास राज्यच बदललं. तोवर आमची राजधानी नागपूर होती. तीन तासांच्या गाडीवर, ओळखीपाळखीची. एका सकाळी ती भोपाळ झाली. नागपूरची कपाटं बांधाबांध होऊन गाड्यांत चढली आणि त्या गठ्ठ्यांत आमची ती पट्टी कुठेतरी गेली. नगरपालिकेने पुन्हा लिहिलं. सहा महिन्यांनी हिंदीत उत्तर आलं, की प्रकरण नेमकं कशाचं आहे ते सविस्तर कळवा. बाबूंनी सविस्तर कळवलं. त्याचं उत्तर आजपर्यंत आलेलं नाही. गावात लोक राज्य बदललं म्हणून हळहळत होते, माझे वडील तर चिडलेच होते. आणि मी मनातल्या मनात खूश होतो, हे त्यांना कधी सांगितलं नाही. ना परवानगी, ना नकार. त्या मधल्या काळात कडुनिंब बकरीच्या तोंडाच्या वर गेले.

झाडं वाचली, जमादार वाचले नाहीत. म्हणजे त्यांना कोणी काढलं असं नाही. धुळवडीला कोंडलेल्या बकऱ्यांचा राग कोणाच्या मनात राहिला होता की नव्हता मला सांगता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात नगरपालिकेने कोंडवाडा ठेक्याने दिला आणि ठेकेदाराने आपला माणूस बसवला, इतकंच. जमादारांनी वही, किल्ली आणि काठी दिली. वरुडला मुलीकडे जातो म्हणाले. वरुड किती दूर आहे? सकाळी निघालं तर जेवायला पोहोचतो माणूस. पण आदल्या दिवाळीत ते दुसऱ्या राज्यात गेलं होतं, म्हणून सगळ्यांना ते फार दूर वाटत होतं.

ते गेले त्या दिवशी मी एकटाच होतो, वासुदेव कॉलेजच्या खटपटीला छिंदवाड्याला गेला होता. बस वळणावर थांबायची. जमादारांच्या हातात एक पत्र्याची पेटी होती, ती त्यांनी मला धरायला दिली आणि ते कोंडवाड्याच्या भिंतीकडे गेले. पहिल्या झाडापासून सुरुवात केली. आता झाडं त्यांच्या खांद्याला आली होती, बोट घालायची गरज राहिली नव्हती. ते नुसते खोडाला हात लावत, मोठ्याने मोजत येत होते. सतरा. अठरा. एकोणीस.

सौंसरवाल्याशी थांबले. ते इतरांपेक्षा हातभर बुटकं होतं. जमादार खाली बसले, गुडघे वाजले. बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत, जोर लावून. थोडा वेळ तसंच ठेवलं. काढलं, नख पाहिलं. मग ते नख माझ्यासमोर धरलं. ओली माती होती.

"वीस," ते म्हणाले.

बस आली. मी पेटी वर दिली. ते खिडकीशी बसले. बस निघाली, थोडी पुढे गेली आणि त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. मीही दोन्ही हात हलवले. त्यांचा हात आणखी जोरात हलायला लागला. मीही आणखी जोरात. मग लक्षात आलं की हात नव्हे, ते बोट होतं, आणि ते माझ्या मागे रोखलेलं होतं.

वळून पाहिलं. कोणाची तरी बकरी कुंपणाच्या काटीवर पुढचे दोन पाय टेकवून विसाव्या झाडाच्या शेंड्याकडे मान ताणत होती. मी ओरडत धावलो, तिला हाकललं, काटी सरळ केली. ती बकरी काबरी होती आणि आमचीच होती, हे मी घरी अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा रस्त्याकडे पाहिलं तेव्हा बस वळणापलीकडे गेलेली होती.